मागच्या शेडमधली वाढ

मी बहारीनला, सीफ भागातल्या एका बँकेत आहे, सोळाव्या मजल्यावर. गेली बारा वर्षं इथली ओळखीची मंडळी माझ्याकडे शेअर विचारायला येतात आणि मी सांगतो. सांगितल्यावर कोणी उलट प्रश्न केलेला मला खपत नाही. हे आधीच कबूल करतो, कारण ही गोष्ट ज्यांची आहे त्या ताहिरभाई खतीबांनी मला उलट प्रश्न केला होता, आणि मी त्यांच्यावर खेकसलो होतो.

आमची ओळख एसीमुळे झाली. सहा वर्षांपूर्वी, ऐन जुलैत, आमच्या माहूजच्या फ्लॅटमधला एसी बंद पडला. घरात बसवेना आणि बाहेर जाववेना. वॉरंटीचं कार्ड मी हरवलं होतं म्हणून अरुणा, म्हणजे माझी बायको, माझी दारातच खरडपट्टी काढत होती. तेवढ्यात एक मेकॅनिक आला. त्याच्यामागे खांद्यावर खोकं घेतलेले, पिकल्या दाढीचे एक गृहस्थ. खोकं खाली ठेवत ते म्हणाले, "वहिनी, भाऊंवर ओरडू नका. चूक कंप्रेसरची हाय." अरुणा आधी चपापली आणि मग इतकी हसली की कार्डाचा विषय तिथेच संपला.

हेच ताहिरभाई, दापोलीजवळचे; मेकॅनिकचा मदतनीस रजेवर म्हणून त्या दिवशी खोकं घेऊन आलेले. सत्ताविसाव्या वर्षी इथे आले आणि तेव्हापासून एसी आणि नळ-पाइपचं सामान विकणाऱ्या एकाच डीलरकडे स्टोअरकीपर. काम सलमाबादच्या गोदामात, आवक गेटवर. ट्रक आला की खोकी मोजायची, चलनाशी ताडायची, खोक्यांच्या प्रत्येक थप्पीवर स्टिकर लावायचं आणि त्यावर निळ्या मार्करने तारीख, नग आणि 'ता. ख.' लिहायचं. सत्तावीस वर्षांत आपल्या मोजणीत एका नगाचाही फरक निघाला नाही, असं ते सांगत. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

त्या दिवसानंतर ते शुक्रवारी येऊ लागले. जुम्म्याची नमाज झाली की बाजारातून हमूर मासा घेऊन, स्वतः साफ करून आणत. अरुणा कालवण करी. जेवण झालं की ते खिशातून घडी घातलेला कागद काढत आणि विचारत, "भाऊ, हे जरा बघता?" कागदावर एखाद्या कंपनीचं नाव असे.

बँकेतल्या ठेवीचं व्याज ते घेत नसत. "व्याज नको भाऊ. धंद्यातला वाटा चालेल," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. म्हणून शेअर. त्यातही त्यांचा एक नियम होता. ज्या कंपनीचा माल आपल्या हातातून गेलाय, तिचाच शेअर घ्यायचा. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कंपनीचे थोडे शेअर घेतले होते, का तर तिची खोकी कधी तक्रार होऊन परत आली नाहीत. त्या शेअरचे आज नऊपट झालेत. मी मोठमोठे अहवाल वाचून जे घेतलं, त्याचे साडेतीनपट झाले. ही तुलना अरुणा मला वर्षातून चारदा तरी ऐकवते.

तर गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरात त्यांनी असाच कागद काढला. एसी बनवणारी एक भारतीय कंपनी. तिचं नाव घेत नाही, आपण तिला गारवा म्हणू.

"हिचा माल आधी दोन महिन्यांतून एक कंटेनर यायचा," ताहिरभाई म्हणाले. "मार्चपासून महिन्याला दोन येतायत. स्टिकर लिहून हात दुखतो माझा."

मी लॅपटॉप उघडला. गारवाचा शेअर होता चारशे ऐंशीला. एका शेअरमागे वर्षाचा नफा वीस रुपये. म्हणजे एक रुपया नफ्यासाठी बाजार चोवीस रुपये मोजत होता. हे चोवीस म्हणजे पी-ई.

"चोवीस म्हणजे महाग," ते म्हणाले. एवढं ते माझ्याकडून शिकले होते.

"थांबा हो. नुसता पी-ई बघून कोणी महाग-स्वस्त ठरवत नाही. नफा किती वेगाने वाढतोय तेही बघायचं. पी-ईला वाढीच्या टक्क्यांनी भागायचं. त्याला पीईजी म्हणतात. उत्तर एकच्या आसपास आलं तर भाव रास्त. एकच्या बरंच खाली आलं तर स्वस्त. दोनच्या वर गेलं तर नमस्कार करून पुढे जायचं."

ताहिरभाईंनी थोडा विचार केला. "म्हणजे आंब्याच्या बागेसारखं. जुनी बाग यंदा शंभर पेट्या देते, पण पुढेही शंभरच देणार. नवी बाग यंदा चाळीस देते, पण झाडं वाढायची हायत. मग नव्या बागेला पेटीमागे जास्त भाव दिला तरी चालतो. किती जास्त, ते झाडं किती वाढतील त्यावर."

"शाब्बास!" मी म्हटलं. आमच्या बँकेतल्या नव्या पोरांना हे समजवायला मला दोन दिवस आणि चाळीस स्लाइड लागतात.

मग मी गारवाची वाढ काढली. गेल्या वर्षात नफा साठ टक्क्यांनी वाढला होता. चोवीस भागिले साठ. उत्तर आलं शून्य पूर्णांक चार. खरं सांगतो, मी खुर्चीतून उठलोच. एकला रास्त म्हणतात, आणि हे चाळीस पैशात मिळत होतं!

"तुमच्या गेटवर कंटेनर वाढलेत, इकडे कागदावर नफा वाढलाय," मी म्हटलं. "दोन्हीकडून एकच उत्तर. ताहिरभाई, यापेक्षा मोठा पुरावा काय हवा?"

आता यात त्यांचं काय पणाला लागलं होतं ते सांगतो. त्यांचा व्हिसा मे महिन्यात संपत होता. 'हा शेवटचा व्हिसा' असं ते गेली आठ वर्षं म्हणत होते आणि दर दोन वर्षांनी मुदत वाढवत होते. गावी जाऊन, बायकोला, म्हणजे बानूभाभींना सोबत घेऊन, दापोलीत नळ-पाइपच्या सामानाचं दुकान टाकायचं होतं. दोन शटरचं, मागे छोटं गोदाम. त्याला चाळीस लाख लागत होते. साठवलेले होते पंचवीस. निघताना कंपनीकडून मिळणारे पैसे घराच्या छपराला आणि जुनं देणं फेडायला जाणार होते. थोडक्यात, पंधरा लाख कमी होते आणि म्हणून माणूस इथे होता.

मी छाती फुगवून म्हटलं, "पंचवीसचे पंचवीस गारवात टाका. हा शेअर मेपर्यंत दीडपट तरी होणार, कुठे जात नाही. उरलेलं मी बघतो. मेमध्ये तुम्ही तिकीट काढा."

त्यांनी आमच्या हॉलमधूनच बानूभाभींना फोन लावला. स्पीकर चालू होता. "बानू, मे महिन्यात येतोय. कायमचा. इंशाल्ला." पलीकडून आवाज आला, "खरं?" आणि परत, "खरं सांगताय ना?" अरुणा उठून आत गेली. मला त्या वेळी स्वतःचा फार अभिमान वाटला, तो आठवला की आज अंगावर काटा येतो.

डिसेंबरात गोदामात मान वर करायला फुरसत नसते. तेव्हा वर्षअखेरची स्टॉकमोजणी झाली की जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात शेअर घ्यायचे, असं ठरलं.

जानेवारीच्या पहिल्या शुक्रवारी ताहिरभाई आले ते मासळी न आणता. मी लॅपटॉप उघडूनच बसलो होतो. "यल्ला, करून टाकू," मी म्हटलं.

"भाऊ, आधी ऐकून घ्या," ते म्हणाले.

त्यांच्या गोदामात एक जुना रिवाज आहे. वर्षअखेरच्या मोजणीत कोणी आपला विभाग मोजायचा नाही, दुसऱ्याचा मोजायचा. कोणाला कुठे पाठवायचं ते मॅनेजर ऐन वेळी सांगतो. या खेपेला ताहिरभाईंना मागची शेड मिळाली. आवक गेटवर नोंद झालेला माल फोर्कलिफ्ट तिकडे नेतो, एवढंच त्यांना ठाऊक होतं. ती शेड वकार नावाच्या माणसाकडे असते आणि ताहिरभाईंना तिकडे जायचं कधी कामच पडत नाही. पाच-सहा वर्षांत त्यांनी तिथे पाऊल टाकलं नव्हतं.

"दार उघडलं तर छपरापर्यंत गारवाची खोकी," ते म्हणाले. "आणि खोक्यांवर माझीच स्टिकरं. माझं अक्षर. मार्च, एप्रिल, मे. वर बोटभर धूळ. अकराशे चाळीस नग मोजले मी, भाऊ. मार्चपासून एकूण आले किती? बाराशे दहा."

"मग?"

"मग वकारला विचारलं. तो बोलला, हा माल येतो, जात नाय. विक्री मफी, बिलकुल नाय. गारवावाले बोलले, ठेवून घ्या, पैसे दहा महिन्यांनी द्या, नाय खपला तर परत करा. दुबईच्या आणि मस्कतच्या डीलरकडे पण हेच चाललंय, असं त्याला ड्रायव्हर लोकांनी सांगितलं." त्यांनी स्वतःकडे बोट केलं. "मी आवक गेटचा माणूस. आलेलं मोजलं. गेलेलं कधी बघितलंच नाय. चूक माझी पण हाय. पण भाऊ, तुमच्या त्या साठ टक्क्यांत काय मोजलंय? लोकांनी घेतलं ते, की कंपनीने पाठवलं ते?"

नाकाला मिरच्या झोंबणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. मी सोळाव्या मजल्यावरचा माणूस, आणि हे मला विचारतात साठ टक्के कसले!

"ताहिरभाई, एका शेडवरून कंपनी कळत नसते," मी आवाज चढवला. "त्यांचे हिशोब ऑडिटर तपासतात. जगभरातले जाणकार वाचतात. तुम्ही खोकी मोजता, ती मोजा. हे माझ्यावर सोडा."

ताहिरभाईंनी मान खाली घातली. अरुणा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "जय, ते मोजून आलेत. तू वाचून आलायस."

ताहिरभाई रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, "आमच्याकडे बाग कराराने देतात, तीन-चार वर्षांसाठी. काही लोक काय करतात, झाडांना मोहोराचं औषध जास्त घालतात. एक वर्ष फांद्या वाकतात एवढा आंबा येतो. ते वर्ष बघून कोणी बाग घेतली तर तो मेला. झाडं थकलेली असतात. बाग घेताना आम्ही एका सालाचा आंबा धरत नाय, चार सालांचा विचारतो. तुम्ही गारवाची चार सालं बघितली?"

मी बघितली नव्हती. म्हणजे आकडे समोर होते, आधीच्या तीन वर्षांत वाढ दहा, बारा, अकरा अशी होती. ती धरली असती तर चोवीसला साधारण अकराने भागावं लागलं असतं आणि उत्तर दोनच्या वर गेलं असतं. नमस्कार करून पुढे जायचं, हे मीच सांगितलेलं. पण शून्य पूर्णांक चार दिसल्यावर दोन कोणाला हवे असतात?

"मी नाय घेत," ते म्हणाले. "माफ करा भाऊ." आणि चहा न घेता गेले.

माझं डोकं असं फिरलं की मी सोमवारी स्वतःच्या खात्यातून सहा लाखांचे गारवा घेतले. अरुणाला सांगितलं नाही. फेब्रुवारीत शेअर सहाशे दहाला गेला. मी दर शुक्रवारी ताहिरभाईंना मोबाइलवर भाव पाठवायचो, खाली एखादं हसरं तोंड. ते उत्तर द्यायचे, 'माशाल्ला.' एवढंच. माझ्याकडे येणं मात्र त्यांनी बंद केलं होतं. हमूरही बंद झाला आणि आमच्या शुक्रवारच्या जेवणात राम राहिला नाही.

मधल्या काळात बानूभाभींचा अरुणाला एक फोन आला. त्यांनी विचारलं, "भाभी, मेचं नक्की हाय ना? हे नीट सांगत नायत." अरुणाने त्यांना 'बघते' म्हटलं आणि फोन ठेवून दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात गारवाचा निकाल आला. नफा अर्ध्यावर. कारण एका ओळीत दिलं होतं: आखाती डीलरांकडून परत आलेला माल. तीन दिवसांत शेअर दोनशे सत्तरवर. माझ्या सहा लाखांचे साडेतीन लाखही उरले नाहीत. मला पैशांचं वाईट वाटलंच, खोटं कशाला बोलू. पण त्याहून वाईट वाटलं ते त्या हसऱ्या तोंडांचं.

पीईजी वाईट नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. भागाकारही बरोबर होता. ते आकडेमोड करून देतं, पण खाली टाकलेली वाढ खरी की खोटी हे विचारत नाही. ते आपण विचारायचं असतं, आणि विचारणाऱ्याला मी घरातून घालवलं होतं.

शनिवारी मी सलमाबादला गेलो. दुपारची सुट्टी झाली होती. ताहिरभाई गेटजवळच्या केबिनमध्ये डबा खात बसले होते. मला बघून उठले, हात धुतले, खुर्ची पुढे केली. "भाऊ, तुम्ही इकडे? जेवलात?"

मी सगळं एका दमात सांगितलं. सहा लाख, दोनशे सत्तर, अरुणाला न सांगणं. आणि म्हटलं, "त्या दिवशी मी जे बोललो ते बोलायला नको होतं. माफ करा."

"खलास, भाऊ. झालं ते झालं," ते म्हणाले आणि माझ्यासाठी चहा सांगितला. 'मी सांगत होतो' हे तीन शब्द त्यांनी उच्चारले नाहीत. मी असतो तर वर्षभर उच्चारले असते.

टेबलावर त्यांच्या व्हिसाच्या रिन्यूअलचा फॉर्म होता. दोन वर्षं. महिनाअखेरपर्यंत द्यायचा होता. हा माणूस माझं ऐकून बुडाला नाही, पण घरी जाण्याचं माझ्याच तोंडून ऐकून त्याने बायकोला शब्द दिला होता. पंधरा लाख अजूनही कमीच होते.

"भाऊ, आलातच तर एक हिशोब करून द्या," ते म्हणाले. "दोन वर्षं अजून राहिलो तर हातात किती पडतील?"

सोपा हिशोब होता. महिन्याला शंभर दिनार मागे पडतात. चोवीस महिन्यांचे दोन हजार चारशे. मी रुपये करून सांगितले. "साडेपाच लाखांच्या आसपास."

त्यांनी मान हलवली. "म्हणजे तरी दुसरं शटर होत नाय."

"नाही होत."

"पंचवीसवर साडेपाच. दोन वर्षांत. ही झाली वाढ." त्यांनी फॉर्म उचलून बघितला. "आता भाव बघू. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, भाऊ. दर दोन वर्षांनी दोन महिने रजा. बानू आणि मी एका घरात राहिलो ते सगळे मिळून एकतीस महिने. मोजलेत मी. बानू आता बावन्नची हाय."

मी मोबाइलवरचा हिशोब बंद केला.

"एवढ्याशा वाढीला दोन वर्षं भाव," ते म्हणाले. "महाग हाय. मी नाय घेत."

त्यांनी तो कोरा फॉर्म घडी करून ड्रॉवरमध्ये टाकला, जसा कुठल्याही नको असलेल्या शेअरचा कागद टाकत. मग पंचवीस लाखांत बसणारं एका शटरचं दुकान कसं मांडायचं ते मला सांगू लागले. व्हॉल्व्ह पुढे, पाइप भिंतीला उभे, बानू गल्ल्यावर. बोलता बोलता त्यांनी डब्याचं झाकण लावायला घेतलं, आणि ते बराच वेळ लावत राहिले.

एकतीस मेच्या विमानाने ते गेले. आम्ही दोघं विमानतळावर गेलो होतो. अरुणाने बानूभाभींसाठी साडी दिली, आणि रांगेत शिरताना ताहिरभाईंनी वळून विचारलं, "वहिनी, एसी ठीक चालतो ना?"

त्याच आठवड्यात बँकेत माझ्या कराराच्या रिन्यूअलचा फॉर्म आला. दोन वर्षं, सातव्यांदा. मी घरी आणून, जेवायच्या टेबलावर बसून सही केली. अरुणा समोर भाजी निवडत होती; ताहिरभाईंनी दोन वर्षांचा भाव कसा काढला ते मी तिला सांगितलं होतं. तिने मान वर न करता विचारलं, "भाव बघितलास?"

मी म्हटलं, "चहा टाक." ती उठली नाही.